मधुसूदनरावांचं सोपं इंग्रजी

लखनौतल्या मराठी माणसांत मधुसूदन टोणगावकर त्यांच्या इंग्रजीसाठी प्रसिद्ध होते. कुणी गाण्यासाठी असतो, कुणी पुरणपोळीसाठी, तसे हे इंग्रजीसाठी. बख्शी का तालाबच्या एअरफोर्स स्टेशनातले मराठी जवान रविवारी स्कूटर हाणत गोमती नगरला यायचे, ते यांच्याकडून बदलीचा अर्ज लिहून घ्यायला. अर्ज हातात पडला की ते तो वाचत नसत. घडी घालून आदबीनं खिशात ठेवत.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. आमच्या क्वार्टरसमोरच्या खांबावरचा दिवा गेला होता. मधुसूदनरावांनी तक्रार लिहून दिली, ती घेऊन मी वीज कचेरीत गेलो. तिथल्या बाबूनं ती उभ्यानं वाचली. मग शेजारच्या बाबूला बोलावलं. दोघांनी मिळून वाचली. मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि विचारलं, "हुज़ूर किस महकमे से तशरीफ़ लाए हैं?" कुठल्या खात्यातून आलात म्हणे. मी म्हटलं, "पिठाची गिरणी." दिवा होळीपर्यंत लागला नाही, कारण विझलंय काय हेच त्या कागदातून कुणाला कळलं नव्हतं. पण मान बघा केवढा मिळाला! मी घरी येईपर्यंत हसत होतो.

आता मी कोण, तेही सांगून टाकतो. मी सातवी पास, तीही रिसोडजवळच्या एका खेड्यात. इंग्रजी अक्षरं मी गिरणीच्या मोटरवरच्या पत्र्यावरून शिकलो, त्यामुळे मला इंग्रजीतलं 'किर्लोस्करी' तेवढं वाचता येतं असं माझी नात अवनी म्हणते, आणि तेही हिंदीत म्हणते. बायको गेल्यावर गिरणी विकून मी धनंजयकडे, म्हणजे मुलाकडे, लखनौला आलो. धनंजय औषधांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत शास्त्रज्ञ. मधुसूदनराव त्याच संस्थेत कागदपत्रांच्या विभागात. आमची भिंत एक. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजायचो आणि आमची भांडणं ते ऐकायचे.

मधुसूदनराव मूळचे खानदेशातले. वडील कोर्टात अर्ज लिहून द्यायचे. त्या अर्जांतलं भारदस्त इंग्रजी या पोराच्या कानांवर लहानपणापासून पडलं. त्यामुळे झालं काय, की यांचं प्रत्येक वाक्य फेटा बांधून, उपरणं सावरून, चारचौघांना नमस्कार करतच पुढं यायचं. खिडकी उघडा म्हणायचं असलं तरी आधी 'सविनय' असायचं. स्वभावानं मात्र साधे. बायकोला, कल्पनाताईंना, फार जपायचे. तिला रक्तदाब होता. डॉक्टर सक्सेनांकडे दर चार-सहा महिन्यांनी घेऊन जायचे, औषधाचं सगळं स्वतः बघायचे. "आबा, आमच्याकडे गोळीला दांडी नाही," हे मला त्यांनी किती वेळा ऐकवलं असेल.

हे पंच्याण्णवच्या जानेवारीतलं. सकाळी दहापर्यंत धुकं, मग गच्चीवर ऊन, आणि उन्हात मटार सोलत बसलेल्या बायका. त्या हिवाळ्यात कल्पनाताईंना सारखी चक्कर यायची. उठल्या की भिंत धरायच्या. लखनौची थंडी बाधली, असं सगळ्यांचं मत. मीही तेच म्हणत होतो.

तर त्याच सुमाराला संस्थेकडे एक काम आलं. डॉक्टर सक्सेनांच्या धर्मादाय दवाखान्यात रक्तदाबाचे रुग्ण पुष्कळ. गोळी कशी घ्यायची याचं एकपानी माहितीपत्रक त्यांना हवं होतं. आधी इंग्रजीत, मग त्यावरून हिंदी आणि उर्दू. विभागाच्या प्रमुख होत्या डॉक्टर विनीता बापट. वयानं लहान, पुण्याच्या, बोलायला गोड आणि हातात लाल पेन्सिल. काम अर्थातच मधुसूदनरावांकडे आलं.

त्यांनी आठवडाभर खपून लिहिलं. विनीताबाईंनी वाचलं आणि परत दिलं. कागदावर शाईपेक्षा लाल जास्त.

"काका, इंग्रजी फारच सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण गोळी कधी घ्यायची ते चौथ्या ओळीत येतं. तोवर पेशंट दमेल."

मधुसूदनरावांनी दुसऱ्यांदा लिहिलं. पुन्हा लाल. त्या संध्याकाळी ते माझ्याकडे येऊन बसले, मफलर तोंडावरून काढलाच नाही.

"आबा, तीस वर्षं झाली मला लिहायला. माझ्या मुलीच्या वयाची बाई ती. माझ्या वाक्यांचे कपडे उतरवतेय."

"मग तुम्हीच उतरवा की. दुसऱ्यानं उतरवलं तर लाज वाटते, आपण उतरवलं तर ती आंघोळ," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. पण तिसऱ्यांदा त्यांनी खरंच सगळं सोडलं. राहिलं ते एवढंच: सकाळच्या जेवणानंतर एक गोळी घ्या. रात्रीच्या जेवणानंतर एक गोळी घ्या. रिकाम्या पोटी घेऊ नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. इंग्रजीत. धनंजयनं मला वाचून दाखवलं तर मलासुद्धा कळलं!

विनीताबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "आता याच्यावर फीडबॅक घ्या, काका. संस्थेबाहेरच्या लोकांचा. मात्र 'कसं वाटलं' असं विचारायचं नाही. ही घ्या पुडी." पुडीत पांढऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या. "ही औषधाची गोळी समजा, हे वाचा, आणि आज तुम्ही ती कधी आणि कशी घ्याल ते करून दाखवा, असं म्हणायचं. शुक्रवारी डॉक्टर सक्सेना येणार आहेत, त्यांच्यासमोर तुम्हीच सगळं मांडा."

आता हे लखनौ. इथं दोन सभ्य माणसं दारात भेटली की आत कोण आधी जाणार यावर चहा निवतो. तिथं एखाद्या बुजुर्ग गृहस्थाच्या हातावर पेपरमिंट ठेवून 'खाऊन दाखवा' कसं म्हणणार? पुडी मधुसूदनरावांच्या खिशातच राहिली. मी सोबत होतो, मी कसली चुकवतोय अशी संधी!

पहिले आमच्या मागच्या गल्लीतले रिज़वी साहब. टेलिफोन खात्यातून निवृत्त. त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, लांब धरला, मान डोलावली.

"वाह, टोंगावकर साहब! मोती पिरो दिए हैं आपने."

"समझ में आ रहा है न, साफ़-साफ़?"

"हुज़ूर, आपका लिखा और समझ में न आए? हमारी इतनी मजाल?"

"कोई कमी हो तो बताइए."

"कमी!" रिज़वी साहबांनी दोन्ही कानांना हात लावले. "कमी हमारी आँखों में होगी. चाय लीजिए."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मधुसूदनराव, त्यांचा चष्मा खिशात होता."

"अक्षर ठळक आहे, आबा," ते म्हणाले.

सगळीकडे हेच. हज़रतगंजातला ओळखीचा कापड दुकानदार म्हणाला, "एकदम फ़र्स्ट क्लास." एअरफोर्समधल्या एका सार्जंटची बायको म्हणाली, "छान आहे हो काका, छापणार कुठे?" एका निवृत्त हेडमास्तरांनी तर कागद कपाळाला लावला. चार दिवसांत मधुसूदनरावांचा चेहरा पुन्हा वर आला. मफलर गळ्यात उतरला. शुक्रवारी काय बोलायचं ते ठरलं. लाल पेन्सिलीनं गेलेली अब्रू ते सक्सेनांच्या समोर, विनीताबाईंच्या टेबलावर, व्याजासकट परत घेणार होते. आणि का नाही घ्यायची? त्यांच्याजवळ दुसरं होतंच काय? बढती नाही, बंगला नाही. चार माणसांत 'टोणगावकरांचं इंग्रजी' म्हणतात, तेवढीच काय ती त्यांची इस्टेट.

गुरुवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी रजा टाकली होती. कल्पनाताई उन्हात खाटेवर बसून साबुदाण्याची खिचडी खात होत्या. बशी संपत आली होती, वर बटाट्याचा कीस, पेरूच्या फोडी. मलाही एक बशी मिळाली. मधुसूदनराव कागद घेऊन येरझाऱ्या घालत भाषण घोकत होते. त्यांच्या कोटाच्या खिशात ती पुडी खुळखुळत होती.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, एकदा तरी त्या बाईंनी सांगितलं तसं करा की. पेपरमिंट मऊ पडली असेल. कल्पनाताई मॅट्रिक आहेत, त्यांना वाचायला द्या."

"हिला काय द्यायचं? हिला पाठ आहे," ते म्हणाले. पण खूश होते, म्हणून दिलं. एक गोळी बशीत ठेवली. "हं, पेशंटबाई. वाचा आणि घ्या."

कल्पनाताईंनी पदराला हात पुसले, वाचलं. एक शब्द अडला नाही. मराठीतून अर्थसुद्धा सांगितला. मग गोळी उचलून परत त्यांच्या हातात दिली.

"आज नाही घेता यायची."

"का?"

"आज एकादशी. जेवण कुठे झालंय?"

मधुसूदनराव हसले. "अगं, आत्ता ही बशीभर खिचडी हाणलीस ती?"

"ते फराळाचं. ते जेवण का?" त्या माझ्याकडे वळल्या. "आबा, तुम्हीच सांगा. साबुदाणा खाल्ला तर 'जेवलो' म्हणतो का आपण?"

मी म्हटलं, "नाही बुवा." आणि खरंच नाही म्हणत.

मी हसायच्या बेतात होतो. मधुसूदनरावांकडे बघितलं आणि माझं हसू तिथंच राहिलं. त्यांचा चेहरा बदलला होता. त्यांनी हळू आवाजात विचारलं,

"कल्पना, तुझी आजची गोळी?"

"एकादशीला नसते ना."

"नसते म्हणजे? कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. पहिल्यांदा गोळ्या आणल्यात तेव्हा. 'जेवण झाल्याशिवाय गोळी तोंडात घालायची नाही' म्हणालात. दोनदा म्हणालात. बोट नाचवून."

"आणि नवरात्रात?"

"नवरात्रात मी जेवते कुठे? नऊ दिवस फराळ."

"आणि चातुर्मासात?" त्यांचा आवाज आता ऐकू येईना. कल्पनाताई आषाढापासून कार्तिकापर्यंत एकवेळच जेवत. रात्री दूध, फळ, एवढंच.

"एक जेवण, एक गोळी. हिशेब सरळ आहे की." मग त्यांना काहीतरी उमगलं असावं. "का हो? चुकलं का माझं? मला वाटलं, तुम्ही सांगताय म्हणजे सगळं बघूनच सांगताय."

मधुसूदनराव खाटेच्या कडेवर बसले. त्यांचं काय चाललं होतं ते मला हळूहळू कळलं, आणि वाचणाऱ्यालाही मी सांगून टाकतो. नवरात्रात कल्पनाताई देवघरासमोर कोसळल्या होत्या. रक्तदाब फार वर गेलेला. डॉक्टर सक्सेनांनी विचारलं होतं, "दवा नियमित चालू आहे ना?" आणि यांनी छाती काढून सांगितलं होतं, एक गोळी चुकलेली नाही, मी स्वतः बघतो. डॉक्टरांनी विश्वास ठेवला आणि गोळी दुप्पट जोराची केली. मग कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास संपला, कल्पनाताई दोन्ही वेळ जेवायला लागल्या आणि ती जोराची गोळी दोन्ही वेळ पोटात जायला लागली. थंडी बिचारी उगाच बदनाम झाली. ती चक्कर त्या गोळीची होती.

"उद्या सक्सेना येणारच आहेत," कल्पनाताई म्हणाल्या. त्यांचेही कान लाल झाले होते. "त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगा. मीटिंगमध्ये मात्र एक अक्षर काढू नका. लोक म्हणतील, बाई मॅट्रिक आणि अक्कल नाही."

"हळूच सांगतो," मधुसूदनराव म्हणाले. बायकोकडे न बघता. कागदाची घडी त्यांनी इतकी लहान केली की ती सुपारीएवढी झाली.

शुक्रवारचं मी पाहिलं नाही, धनंजय तिथं बसला होता. त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलंय, त्यामुळे मी पाहिल्यासारखंच आहे.

मीटिंगला आठ-दहा जण. डॉक्टर सक्सेना गरम कोटात, खुशीत. मधुसूदनराव कोपऱ्यात, रंग उडालेला. ते बोलायला उठायच्या आधीच सक्सेनांनी सुरू केलं: "ये काम टोंगावकर जी से बेहतर कौन कर सकता था? इनकी पत्नी मेरी मरीज़ हैं. मैं अपने दूसरे मरीज़ों को इनकी मिसाल देता हूँ. एक गोली इधर से उधर नहीं होती इनके घर में!"

सगळ्यांनी टेबलावर थाप मारली. मधुसूदनराव उभे राहिले. विनीताबाई म्हणाल्या, "हं काका, फीडबॅक सांगा. किती वाचक मिळाले?"

आता एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं: पुष्कळ मिळाले, सगळ्यांना आवडलं. आणि ते खोटं नव्हतं. नंतर जिन्यात सक्सेनांना गाठून गोळीचं सांगता आलं असतं. धनंजय म्हणतो, त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"एक," ते म्हणाले.

"एकच? तुम्ही तर खूप जणांकडे गेलात ना?"

"बाकी सब ने तारीफ़ की. पढ़ा एक ने." मग सक्सेनांकडे वळून, हिंदीतच, इंग्रजीचा एक शब्द न घेता, त्यांनी सांगितलं. बायको उपासाच्या दिवशी जेवत नाही, म्हणून गोळी घेत नाही. चातुर्मासात अर्धी घेते. नवरात्रात घेतच नाही. तिला तसं मी सांगितलं होतं, आणि तुम्हाला 'नियमित' असंही मीच सांगितलं होतं. हा कागदसुद्धा तेच सांगतोय. तुमच्या दवाखान्यात नवरात्र करणाऱ्या बायका येतात, रोजे ठेवणारे येतात. हा छापू नका.

कुणीतरी हसलं. "अरे टोंगावकर जी, चिराग़ तले..." असं म्हणायला लागलं आणि विनीताबाईंनी डोळे मोठे केले तसं गप्प झालं. हसणारा एकच, पण मधुसूदनरावांची मान तेवढ्यानंच खाली गेली. तशी ती टेबल रिकामं होईपर्यंत खालीच होती.

सक्सेनांनी पेन काढलं. मग म्हणाले, "मैंने भी कहाँ पूछा कि खाती क्या हैं. दवा दुगुनी कर दी, बस." त्यांनी तिथल्या तिथे चिठ्ठी लिहून गोळी पहिल्याइतकी केली, आणि सोमवारी कल्पनाताईंना घेऊन या, रक्तदाब बघतो, असं सांगितलं. विनीताबाईंनी माहितीपत्रक परत दिलं, यावेळी लाल पेन्सिल न लावता. मधुसूदनराव धनंजयला म्हणाले, लाल असतं तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. आत कल्पनाताईंचा आवाज चढला होता.

"माझं नाव घेतलंत? चारचौघांत?"

"नाव नाही घेतलं. 'मेरी पत्नी' म्हणालो."

"किती पत्न्या आहेत तुम्हाला? आता रविवारी मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला मी कुठल्या तोंडानं जाऊ? वाण देता देता विचारतील, 'कल्पनाताई, जेवलात का?'"

"मलाही विचारतीलच," ते म्हणाले. "मला तर रोज विचारतील, ऑफिसात."

त्या वळल्या. मला बघून म्हणाल्या, "या आबा. बघा, नवऱ्यानं नाव काढलं." आणि चहा टाकायला आत गेल्या.

मधुसूदनराव जमिनीवर पाट घेऊन बसले होते, पाटावर कोरा कागद. तीस वर्षांत त्यांना असं अडलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणजे मी तीस वर्षं पाहिलेलंच नाही, पण तुम्हाला कळलं. बऱ्याच वेळानं त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून विचारलं,

"कल्पना, 'जेवण' नको. मग काय लिहू?"

आतून कपबशांचा आवाज.

"उपास असला तरी घ्या, जे काही खाल त्याच्यानंतर घ्या. असं चालेल?"

"आणि निर्जळी करणारीचं काय?" आतून आवाज आला. "तिनं काय खायचं?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते मला नाही ठाऊक."

"आणि गोळी घेतल्यावर उलटी झाली तर? दुसरी घ्यायची की नाही? मला दोनदा झाली होती. मी नाही घेतली."

"तेही नाही ठाऊक. आणि हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?" कल्पनाताई चहा घेऊन बाहेर आल्या. भिंत धरून आल्या. ते पटकन उठले आणि कप घेतले, तरी दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. "डॉक्टरांना विचारा की. कोपऱ्यावर पीसीओ आहे. लाज वाटते का?"

"वाटते," मधुसूदनराव म्हणाले. "आज सकाळपासून त्या माणसाला तोंड दाखवायची लाज वाटतेय."

"मग लाजत लाजत विचारा. फोनवर कुठे तोंड दिसतं?"

मी खो खो हसलो. कल्पनाताईंनाही हसू फुटलं, पण त्यांनी ते पदरात घेतलं. मधुसूदनरावांना नाही आलं. त्यांनी चहा संपवला, निर्जळी आणि उलटी असे दोनच शब्द तळहातावर लिहिले, मराठीतच, स्वेटर चढवला आणि दाराशी थांबले.

"आबा, चला ना तुम्हीपण. तुम्ही बाजूला उभे राहा नुसते."

"चला की," मी म्हटलं, आणि चपला शोधायला लागलो.